ज्येष्ठमधाची काडी

माझा आवाज गेला तो भर दुपारी, सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर ओरडताना. टाकीचा काही दोष नव्हता. आमच्या दिग्दर्शकांनी सांगितलं होतं की शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचला पाहिजे. गच्चीवर खुर्च्या नव्हत्या, म्हणून मी टाकीलाच प्रेक्षक मानलं. वाक्य छोटं होतं: "पाचवी पोळी? पाचवी?" पहिली 'पाचवी' निम्म्या बिबवेवाडीला ऐकू गेली असावी. दुसरी घशात जाऊन बसली ती बाहेर यायलाच तयार होईना.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला दरवर्षी आम्ही एक एकांकिका करतो. दरवर्षी त्यात माझी भूमिका असते आणि दरवर्षी ती शेजारणीची असते. शेजारीण चहाचा ट्रे घेऊन येते, "बाई बाई, काय हे" म्हणते आणि जाते. एका वर्षी तर मला आतून नुसती हाक मारायची होती. ट्रेसुद्धा नव्हता. या वर्षी मात्र मला मुख्य भूमिका मिळाली: विद्यार्थ्यांची खाणावळ चालवणारी खाष्ट बाई. पहिल्या प्रवेशापासून पडदा पडेपर्यंत ती बोलत असते. माझा नवरा म्हणाला की भूमिका निवडताना दिग्दर्शकांनी फार विचार केलेला दिसत नाही. तो स्वतः त्यात पाच पोळ्या खाणारा विद्यार्थी होता. वय जुळत नसूनही त्याला भूमिका मिळाली, कारण तिला संवाद तीनच होते आणि जेवण भरपूर.

या भूमिकेवर आणखी एका व्यक्तीचा डोळा होता, असं मी म्हणणार नाही. मी फक्त एवढंच सांगते की आमच्या बी विंगमध्ये एक वहिनी राहतात आणि आजवरच्या सगळ्या मुख्य भूमिका त्यांनीच केल्या आहेत. या वर्षी त्या आपणहून म्हणाल्या होत्या, "आता नव्यांना संधी द्या." आणि आता नव्यांचा आवाज गेला होता.

दिग्दर्शक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. कर्ज नाकारताना लागणारा थंडपणा त्यांनी निवृत्तीनंतरही जपून ठेवला आहे. मी त्यांच्या दारात उभी राहून हातवारे करून झालेला प्रकार सांगितला. त्यांनी तो शांतपणे पाहिला.

"अभिनय चांगला होता," ते म्हणाले. "आता आवाजाचं बोला."

मी कुजबुजत म्हटलं, "येईल."

"रंगीत तालमीपर्यंत आला तर भूमिका आपली. नाही आला तर काळजी करू नका. वहिनींना सगळं पाठ आहे."

"पाठ आहे?"

"सहज झालं म्हणाल्या."

मी तडक डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्राला सूज आली आहे, घाबरण्यासारखं काही नाही. वाफ घ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा आणि आठवडाभर बोलू नका. हे मला का शक्य नाही ते मी त्यांना कुजबुजत, पण सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'कुजबुजणंही बंद.' खाली दोन रेघा मारल्या.

पण आमच्या सोसायटीत डॉक्टरांचं म्हणणं हे फार तर सुरुवात असते. संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या विंगांमध्ये गेली आणि आमच्या दारात औषधांची रांग लागली. कुणी तुळस, आलं आणि गवती चहा उकळून आणला. कुणी हळदीचं दूध आणलं. एका आजींनी ओव्याची पुरचुंडी करून दिली आणि ती तव्यावर गरम करून गळ्याला कशी शेकायची ते माझ्याच गळ्यावर दाखवलं. वहिनी स्वतः आल्या, स्टीलच्या उंच डब्यातून आडुळशाचा काढा घेऊन. "आमच्या माहेरचा आहे," त्या म्हणाल्या. "मिरी जरा सढळ घातली आहे. लवकर बऱ्या व्हा हं. नाहीतर मला उभं राहावं लागेल, आणि माझी अजिबात इच्छा नाही."

हे म्हणताना त्यांचा उजवा हात खाणावळवालीसारखा कमरेवर गेला होता. मी तो पाहिला. त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं.

तोवर मला झाडपाल्यातलं काहीही कळत नव्हतं. आमच्या बाल्कनीत एक तुळस होती, तिला मी पाणी घालत होते आणि नमस्कार करत होते. आमचा परस्परांशी याहून अधिक संबंध नव्हता. पण त्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते सगळे डबे, बरण्या आणि थर्मास ओळीने मांडले आणि झाकणं उघडली तेव्हा जो वास घरभर झाला, त्याने मी खरंच हरखले. आल्याचा तिखट, ओव्याचा उग्र, गवती चहाचा लिंबासारखा स्वच्छ वास. इतकी वर्षं हे सगळं माझ्या आसपास कुंड्यांमध्ये आणि डब्यांमध्ये होतं आणि मी नाक धरून गोळ्या गिळत होते.

आता अडचण अशी की आपल्याकडे शेजारच्यांचं भांडं रिकामं परत देत नाहीत. डबा आला की त्यात काहीतरी घालून तो परत पोचवायचा. मूठभर शेंगदाणे चालतात, दोन लाडू असतील तर उत्तम. डबा परत द्यायला गेलं की दारात विचारपूस होते. घेतलात का? कितीदा घेतलात? गुण आला का? मान हलवून भागत नाही, त्याला आपल्याकडे शिष्टपणा म्हणतात. मग मी प्रत्येक दारात उभी राहून कुजबुजत काढ्याची स्तुती करायची, तपशिलासकट. अशा तऱ्हेने घशासाठी आलेल्या औषधांमुळे घसा दिवसभर कामाला लागलेला.

आणि कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून सगळं प्यायचं. वेळ वाचावा या हेतूने मी तुळशीचा काढा, आडुळसा आणि हळदीचं दूध एकाच थर्मासमध्ये ओतलं. दूध अर्थातच फाटलं. तरी मी ते गाळून प्यायले, कारण टाकून देणं माझ्या रक्तात नाही. दुपारी पित्त उसळलं आणि उचकी लागली. आवाज नसलेली उचकी फार विचित्र दिसते. नवरा बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटलं मी भूमिकेचा सराव करते आहे.

सासूबाईंनी ओट्यावरचा प्रकार पाहिला, थर्मासमध्ये डोकावल्या आणि मागे सरकल्या.

"मिसळ करावी ती मटकीची," त्या म्हणाल्या. "औषधांची नव्हे. उद्या रविवार पेठेत जा. तिथे काष्ठौषधींचं दुकान आहे, याच्या बाळगुटीचं सामान मी तिथूनच आणलं होतं. त्यांना दाखव काय काय प्यायली आहेस ते. आणि जाताना रिक्षावाल्याशी बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी बसने स्वारगेटला आणि तिथून रिक्षाने पेठेत गेले. रिक्षावाल्याशी बोलले नाही, फक्त रस्ता चुकतोय एवढं सांगितलं. दुकान अरुंद आणि खोल होतं. छतापर्यंत लाकडी खण, खणांवर पितळी कड्या, पुढे गोणपाटाच्या तोंडातून डोकावणारा हिरडा, बेहडा, सुंठ आणि कसली कसली मुळं. वेखंडाचा वास तर रस्त्यावरच आडवा आला. गल्ल्यावर पांढरी दाढी, जाळीची टोपी आणि नाकाच्या टोकावर चष्मा असे एक चाचा बसले होते. पेठेत सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान. मराठी अशी की आमच्या सरांनी प्रमाणपत्र द्यावं.

मी वाकून कुजबुजले, "आवाज बसलाय."

चाचांनी इकडेतिकडे पाहिलं, पुढे वाकले आणि तेही कुजबुजले, "कधीपासून?"

आपण कुजबुजलो की समोरचाही कुजबुजतो. याला कुणी अपवाद असल्याचं मी पाहिलेलं नाही. मी त्यांना गच्ची, टाकी, एकांकिका, वहिनी, डॉक्टर आणि थर्मास हे सगळं सांगितलं. ते मधेमधे हलक्या आवाजात "बरं" म्हणत होते. माझ्या मागे शिकेकाई घ्यायला आलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्याही पुढे झुकून कुजबुजत मला म्हणाल्या, "मग ती भूमिका बी विंगला गेली का हो?" तिघांची डोकी एकत्र. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटलं असतं इथे काहीतरी बेकायदा विकलं जातंय.

"रक्तदाब?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बोलू नका म्हणाले."

"मग आपण इथवर कशाला आलात?"

"काहीतरी चांगलं, जालीम द्या. आडुळसा झाला, तुळस झाली. पिंपळी द्या, हिरडा द्या, ते कोपऱ्यात काय आहे तेही द्या."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, आपल्या पोटात आधीच माझं निम्मं दुकान आहे. उरलेलं गिऱ्हाइकांसाठी राहू द्या."

मग ते उठले, एक खण ओढला आणि पिवळट तपकिरी काड्यांची मूठ काढून कागदात गुंडाळली. ज्येष्ठमध. त्यातली एक काडी त्यांनी माझ्या हातात दिली. "रक्तदाब असता तर दिली नसती. ही दाढेखाली धरायची. हळूहळू चघळायची. बाकी सगळं बंद. गरम पाणी प्या, वाफ घ्या, साधं जेवा. आणि काडी तोंडात असताना बोलायचं नाही."

"बोललं तर काय होतं?"

"ज्येष्ठमधाला काही होत नाही," चाचा म्हणाले आणि शिकेकाईकडे वळले.

मी काडी तोंडात धरली. आधी लाकूड चावल्यासारखं वाटलं. मग हळूच एक गोडी सुटली. साखरेची गोडी कशी धावत येते आणि निघून जाते, तशी नाही. ही ओसरीवर बसून राहिली. घशाखाली उतरली, तिथेही बसली. रिक्षात बसल्यावर मला पुष्कळ काही सांगावंसं वाटत होतं, पण काडी काढली तर ती ठेवायची कुठे हा प्रश्न होता. पर्समध्ये चिल्लर आणि धूळ. म्हणून गप्प राहिले. रिक्षावाला स्वारगेटपर्यंत आपल्या सासरच्या माणसांविषयी बोलत होता, आणि मी सगळं ऐकलं. फार रंजक होतं. एरवी मी माझ्या सासरचं सांगितलं असतं.

मग सुरू झाले माझे गप्प दिवस. पहिल्या दिवशी नवऱ्याने घरात दोनदा विचारलं, "बरी आहेस ना?" दुसऱ्या दिवशी तो गाणं गुणगुणायला लागला. सासूबाई तर फुलल्याच. दुपारी मी ओट्याशी उभी राहून काडी चघळत पोळ्या करायची आणि त्या शेजारी स्टुलावर बसून बोलत राहायच्या. बाळगुटी उगाळताना कुठल्या मुळाचे किती वेढे घ्यायचे, पोटदुखीला ओवा आधी चावून वर कोमट पाणी का प्यायचं, गवती चहा कुंडीतही कसा माजतो. खडकवासल्याच्या बाजूला त्यांचं माहेर होतं, तिथे कुंपणालाच आडुळसा लावलेला असायचा कारण त्याला गुरं तोंड लावत नाहीत. मी पोळी उलटायची विसरले. काडी तोंडातून काढून विचारलं, "आई, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू श्वास घ्यायला थांबलीस की सांगणार होते," त्या म्हणाल्या. "काडी घाल तोंडात."

बाल्कनीत तुळशीशेजारी गवती चहा आला, पानओवा आला, कोरफड आली. सासूबाईंच्या देखरेखीखाली मी एका वेळी एकच गोष्ट करायला शिकले, आणि तीही थोडीशी. पित्त गेलं. वाफ घेतल्यावर गवती चहाची कोमट वाटी हातात घेऊन बसायचं, एवढ्यातसुद्धा किती सुख आहे हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. आणि शेजारच्या दारांत डबे परत न्यायचं काम मी नवऱ्याला दिलं. तो कुणाची स्तुती करत नाही, त्यामुळे नवे काढे यायचे आपोआप थांबले.

तालमी मात्र चालूच होत्या. सरांनी तोडगा काढला: मी मुक्याने अभिनय करायचा आणि वहिनींनी विंगेत उभं राहून माझे संवाद म्हणायचे. वहिनींनी ते असे म्हटले की शेवटची खुर्चीच काय, रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानातही "पाचवी? पाचवी?" पोचत असावी. मी दाढेखाली काडी धरून उभी. बोलायचं नसल्यामुळे मला प्रथमच दिसलं की समोर माझा नवरा पोळीचा तुकडा मोडताना खरोखर घाबरलेला असतो. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहायचा, ताटाकडे पाहायचा आणि घास हळूच परत ठेवायचा. इतके दिवस मी माझ्याच वाक्यांच्या गडबडीत हे पाहिलंच नव्हतं. मी त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. त्याने पाणी मागितलं. ते संहितेत नव्हतं.

"आज पहिल्यांदाच तुम्ही समोरच्याला वाव दिलात," सर म्हणाले.

"आवाज नाही ना, म्हणून," विंगेतून वहिनी म्हणाल्या. "काही हरकत नाही, मी आहे."

रंगीत तालमीच्या सकाळी मी बाल्कनीत तुळशीसमोर उभी राहिले, काडी काढली आणि "पाचवी" म्हणून पाहिलं. कावळ्याने मान वळवली, इतपत आवाज आला. थांबले, गरम पाणी प्यायले, पुन्हा म्हटलं. दुसऱ्या खेपेला शब्द आला. जाडसर, खालच्या पट्टीतला, पण शब्दच. संध्याकाळी सरांसमोर मी अर्धा प्रवेश म्हटला. ओरडले नाही, ओरडण्याइतकं बळच नव्हतं. सर डोळे मिटून ऐकत होते. वहिनी खणाची साडी नेसून आल्या होत्या, हे मला नमूद करायलाच हवं. खाणावळवालीची साडी खणाची ठरली होती.

"मागे ऐकू येणार नाही," वहिनी म्हणाल्या.

सर उठले, हॉलच्या पार मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. "पुन्हा म्हणा."

मी म्हटलं. हॉलमध्ये पंख्याची घरघर होती. तेवढीच.

"ऐकू आलं," सर मागून म्हणाले. "कान द्यावा लागला, पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही. वहिनी, आपली साडी फार छान आहे. उद्या आपण पहिल्या रांगेत बसा."

पण दुसऱ्या दिवशी वहिनी पहिल्या रांगेत बसल्या नाहीत. संहिता घेऊन विंगेत उभ्या राहिल्या. "आयत्या वेळी बसला तर," म्हणाल्या. त्यांचा स्वर जरा खरखरीत वाटला. मला वाटलं भावनेने.

तिसरी घंटा झाली. माझा जीव त्या क्षणी जितका लहान झाला होता तितका परीक्षेच्या हॉलमध्येही कधी झाला नव्हता. पडदा उघडला, नवऱ्याने पाचव्या पोळीला हात घातला, मी झपाट्याने प्रवेश केला, तोंड उघडणार तोच लक्षात आलं की काडी दाढेखाली तशीच आहे. घाबरल्यावर चघळत होते ती. थुंकता येत नाही, गिळता येत नाही. समोर सगळी सोसायटी. विंगेत वहिनींनी माझं पहिलं वाक्य ओठांनी सुरू केलंसुद्धा.

मी थांबले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात पोळीवर गोठला. मी सावकाश चालत त्याच्या पाटापाशी गेले, तोंडातून काडी काढली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि पेन्सिलीसारखी ती त्याच्या कानावर खोचली. मग खालच्या पट्टीत, अगदी हलकेच विचारलं, "पाचवी?"

त्याने पोळी परत टोपलीत ठेवली.

हॉल जो हसायला लागला तो थांबेना. आजी, मुलं, वॉचमन, सगळे. मी तशीच उभी राहिले. हसणं ओसरल्यावर दुसरी 'पाचवी' म्हटली, आणि ती गच्चीवर राहिलेली 'पाचवी' अखेर शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. प्रयोगभर काडी नवऱ्याच्या कानावर होती. तिथेच शोभत होती. प्रयोगानंतर सर एवढंच म्हणाले, "काडी संहितेत घ्यायला हवी." त्यांच्याकडून हे म्हणजे विनातारण कर्ज.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. बी विंगमधल्या वहिनी उभ्या होत्या, हातात माझाच एक डबा, त्यात चार बेसनलाडू. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. मग कुजबुजल्या, "आवाज बसलाय."

सगळ्या तालमींत माझ्या वाटचं ओरडल्या होत्या बिचाऱ्या.

"डॉक्टरांना दाखवलंत?" मीही कुजबुजले.

त्यांनी मान हलवली आणि गळ्याशी हात नेऊन दोन बोटांनी हवेत दोन रेघा मारल्या. डॉक्टर तेच असावेत.

मी त्यांना हाताला धरून आत आणलं, बाल्कनीत बसवलं, गवती चहाची वाटी हातात दिली. मला काढा करून द्यायची फार इच्छा होती, मिरी सढळ घालून. पण सासूबाई आतून पाहत होत्या. म्हणून चाचांच्या पुडीतली एक काडी काढून त्यांना दिली आणि रक्तदाबाचं विचारून घेतलं. तो नव्हता.

"दाढेखाली धरा," मी म्हटलं. "हळूहळू चघळा. आणि काडी तोंडात असताना अजिबात बोलायचं नाही."

त्यांनी काडी तोंडात धरली. गोडी उतरली असावी, कारण त्यांचे डोळे जरा मिटले. मी खुर्ची जवळ ओढली, पदर सारखा केला, आणि पडदा उघडल्यापासून शेवटच्या टाळीपर्यंतचा सगळा प्रयोग त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.